नानांचा फिरता गाळा

नाना भिलारेंच्या दुकानात देवसुद्धा चाकांवर आहे. सकाळी गणपती दाराशी असतो, एक वाजता तो सरकत माठाशेजारी जातो आणि सहानंतर चष्म्यांच्या काचांमध्ये दिसतो. एकदा मी म्हटलं, "नाना, देवाला तरी एका जागी बसू द्या."

"त्याला उंदीर दिलाय तो काय बसून राहायला?" नाना म्हणाले.

बिबवेवाडीतला हा गाळा एक, पण दुकानं तीन. सकाळी नाना स्वतः हार-फुलं आणि पूजेचं सामान विकतात. एक वाजल्यापासून माझं ब्लाउज शिवायचं दुकान असे. संध्याकाळी सहाला जावेदभाई चष्मे घेऊन येतात. कपाटांना पुढून फुलांच्या परड्या, मागून माझे कापडाचे ताके. कपाट फिरवलं की दुकान बदललं. काउंटरची फळी उलटली की माझं कापायचं टेबल. दारावरची पाटीही तीन बाजूंची, दोरी ओढली की फिरते. हे सगळं नानांनी स्वतःच्या हातानं केलेलं. न हलणाऱ्या वस्तूंचा त्यांना मनापासून राग. "भिंतीला ठोकलेलं कपाट म्हणजे घरजावई," ते म्हणत. "जागा खातो, आणि वर पाय पसरतो."

गिऱ्हाइकं गोंधळायची. दुपारी कुणीतरी विचारायचं, "अहो, सकाळी इथं फुलं होती ना?" नाना मानही न वळवता सांगायचे, "होती. आता ब्लाउज आहेत. सहानंतर चष्मे मिळतील, तेव्हा या. नीट दिसेल."

दुकान बदलायची वेळ हा त्यांच्या दिवसाचा सण. आधी चहा, मग बाह्या सरसावून सरकवासरकवी. कपाटाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. कपाट उंच, त्यामुळे पलीकडून नुसता आवाज यायचा. काल मेथीत मीठ राहिलं, वरच्या खोलीतला पंखा पुन्हा कुरकुरतोय, भाच्याचा फोन आला होता पण त्याला घाई होती. मी हं हं करत ढकलायची. मी मुळात कमी बोलते.

ती गोष्ट घडली लग्नसराईत. कपडे घालून बघायची आमची खोली म्हणजे चाकांवरची चौकट आणि पडदा. सहा वाजत आलेले, आत एक बाई नवा ब्लाउज घालून बघत होत्या, आणि मी दोरा आणायला समोर गेलेली. नानांचं सहा म्हणजे सहा. आत कुणी आहे का हे न विचारता त्यांनी खोली बाईंसकट कोपऱ्यात ढकलली. बाईंनी घाबरून पडदा सारला तर समोर अक्षरांचा तक्ता. जावेदभाई पाठमोरे काचा पुसत होते. त्यांनी सवयीनं विचारलं, "शेवटची ओळ वाचता येते का?"

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुण्यात ते भांडणापेक्षा वाईट. त्या परत आल्या नाहीत, आणि त्यांच्या मैत्रिणीही.

मी दोन गल्ल्या पलीकडे एक गाळा बघितला. भिंतीत पक्के कप्पे, भिंतीएवढा आरसा. चाक एकही नाही. मी होकार देऊन टाकला आणि नानांना सांगितलं नाही. उद्या सांगू, असं रोज ठरवायची.

इकडे नानांनी तो प्रसंग मनाला लावून घेतला होता. ते माझ्यासाठी नवी खोली करायला बसले. "शैलाताई, हात मागे घ्या. हूक लावताना कोपर किती बाहेर जातं, बघू." आतून कडी लावली की चाकं जाम होतील, अशी युक्ती त्यांनी काढली होती. "आता आत माणूस असला तर खोली देवाच्या बापाच्यानंही हलायची नाही."

आणि मी, सोडून जायचं पक्कं केलेली मी, त्यांना मापं देत राहिले. आरसा जरा वर घ्या, मी म्हणाले. पिशवी अडकवायला खुंटी हवी, म्हणाले. त्यांनी दोन लावल्या. मी नुसतं गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. हे मी घरीसुद्धा बोललेले नाही.

शेवटी एके दिवशी कपाट ढकलताना सांगून टाकलं. पलीकडे त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच जमलं.

"नाना, मी दुसरा गाळा घेतलाय. पुढच्या महिन्यापासून तिकडे जाणार."

कपाट थांबलं.

"दार किती रुंद आहे?" पलीकडून आवाज आला.

"कुठलं दार?"

"तुमच्या गाळ्याचं. खोली आत जायला हवी ना."

मी अंदाजानं सांगितलं.

"अंदाज नको. मोजून सांगा." कपाट पुन्हा सरकायला लागलं.

नव्या गाळ्याच्या पूजेला नाना टेम्पोतून खोली घेऊन आले. खाली उतरवली आणि मला म्हणाले, "ढकला." मी सवयीनं पदर खोचला, दोन्ही हात लावले. खोली एवढी झरकन गेली की मी पडता पडता वाचले. मग नुसतं बोट लावून बघितलं. बोटानंही सरकली, आवाज न करता.

"नाना, एवढी हलकी करता येत होती, तर तिकडची कपाटं अशी का नाही केलीत? इतकी वर्षं आपण दोघं जीव काढून ढकलतोय."

नाना आरसा फडक्यानं पुसत राहिले.

"तिकडे मी असतो," ते म्हणाले. "इथं तुम्ही एकट्या."

पेढा न खाता, खिशात घालून गेले.

दुपारची जागा त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. विचारायला आलेल्यांना काहीतरी तिरकस बोलून वाटेला लावतात. एक वाजता मी शटर ओढते आणि दोन गल्ल्या चालत जाते. नाना चहा गाळत असतात. मग एका बाजूनं ते, एका बाजूनं मी, कपाट फिरवतो. मागचे कप्पे रिकामे असतात. ताके तर माझ्याकडे आहेत. पलीकडून मेथीची, पंख्याची, भाच्याची खबर येत राहते आणि मी हं हं करत ढकलते.