पेडणेकर चीफचं मुकं नाटक

पेडणेकर चीफसाहेब फोनवर बोलतानासुद्धा हातवारे करतात. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरायचा, दोन्ही हात मोकळे करायचे आणि पलीकडच्या माणसाला 'थांब', 'हळू', 'वर उचल' असं दाखवत राहायचं. पलीकडचा माणूस असतो पुण्यात. त्याला काय कपाळ दिसणार? पण हे त्यांना सांगितलं तर म्हणतात, "त्याला दिसत नाही हा त्याचा प्रॉब्लेम. मी नीट सांगतोय."

तीस-बत्तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. तिथे आवाज एवढा की शेजाऱ्याच्या कानात बोंब मारली तरी ऐकू जात नाही, त्यामुळे सगळा कारभार खुणांवर. मूठ मिटली की बंद, हवेत बोट फिरवलं की चालू, तळहात खाली दाबला की सावकाश. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त होऊन ते देश सोडून इथे, क्लेमेंटीला, मुलीकडे राहायला आले. ते निवृत्त झाले, खुणा झाल्या नाहीत. इमारतीखालच्या कॉफीशॉपात ते एक बोट वर करतात, मग चिमूट दाखवतात, मग हात आडवा हलवतात. तिथला म्हातारा चिनी अंकल न बोलता एक कॉफी आणून ठेवतो, साखर कमी, दूध नाही.

"दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललेलो नाही," चीफसाहेब अभिमानाने सांगतात. "असा मित्र मिळायला नशीब लागतं."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, हुद्दे राहतात. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत हिशेब बघते, म्हणून मी 'अकाउंट्स'. माझ्या नवऱ्याला ते 'मिस्टर अकाउंट्स' म्हणतात. त्याने दोनदा आपलं नाव सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

आमच्या मराठी मंडळाचा युवा गट दरवर्षी एक नाटक करतो. बारा ते एकोणीस वर्षांची पंधरा-वीस मुलं, सगळी इथेच वाढलेली. घरी आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात. चीफसाहेब आले त्या वर्षी नाटक ऐतिहासिक होतं. भर दरबारात दूत धापा टाकत आला, मुजरा केला आणि इथल्या रस्त्यावरच्या इंग्रजीच्या थाटात म्हणाला, "महाराज, शत्रू आला ऑलरेडी लाह!" महाराज हसले, प्रधान हसला, आणि शत्रू विंगेत एवढा हसला की त्याला स्टेजवर यायलाच जमेना.

दुसऱ्या दिवशी चीफसाहेब कमिटीच्या मीटिंगला न बोलावता हजर झाले.

"पोरांचं मराठी सुधारेपर्यंत माझं आयुष्य पुरायचं नाही," ते म्हणाले. "इंजिनरूममध्ये कोणी तोंड उघडत नव्हतं, तरी बोट जपानला पोचायचीच ना? मग नाटक का चालणार नाही? तोंड बंद. हात बोलू देत."

तेव्हापासून आमचं वार्षिक नाटक मुकं झालं. मुलांनी आधी कुरकुर केली, पण पाठांतर नाही म्हटल्यावर गर्दी वाढली. दर शनिवारी दुपारी कम्युनिटी क्लबच्या वरच्या खोलीत तालीम. चीफसाहेब एका वहीत तालमीचं लॉगबुक लिहितात. मी एकदा डोकावले. 'दोन वाजून पाच मिनिटं. राजकन्या हजर नाही. कारण ट्यूशन. दोन चाळीस. राजकन्या हजर, मूड गैरहजर.' कपडेपट माझ्याकडे आणि राजकन्या माझी इरा, त्यामुळे मी वही मुकाट्याने मिटली.

"ममा, चीफ अंकल सो स्ट्रिक्ट," इरा घरी येऊन सांगते. पण शनिवार चुकवत नाही.

यंदाचं नाटक त्यांनी स्वतःच रचलं होतं. एका म्हाताऱ्या आईचा आळशी मुलगा गंपू बोटीवर नोकरीला जातो, देवमाशाच्या पोटात सापडतो, तिथून सुटून एका बेटावरच्या राजकन्येला हसवतो आणि घरी परत येतो. देवमासा निळ्या प्लास्टिकच्या पडद्यांचा होता, आत सहा मुलं. तालमीत दर वेळी डोकं डावीकडे जायचं आणि शेपूट उजवीकडे. "डेड स्लो! डेड स्लो!" चीफसाहेब ओरडायचे, म्हणजे दोन्ही तळहात दाबून दाखवायचे. मासा आतून आंधळा असल्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

आईचं काम एकोणीस वर्षांचा अनिकेत करायचा. शिवलेली नऊवारी, पोटाला उशी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मुलगा बोटीवर निघाला की ही आई त्याचा पाय धरायची आणि तो तिला फरशी पुसल्यासारखी स्टेजभर ओढत न्यायचा. मग ती चादरीएवढा रुमाल काढून रडायची आणि तो बादलीत पिळायची. हा प्रसंग म्हणजे आमचा हुकमी एक्का.

अनिकेत सध्या नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी नोकरीत आहे. प्रयोग शनिवारी दुपारी, आणि गुरुवारी त्याचा मेसेज आला की त्या दिवशी त्याला कॅंपमध्ये ड्यूटी लागली आहे. मुलांचे चेहरे पडले. तिकिटं वाटून झाली होती, कोणाकोणाचे आजी-आजोबा खास भारतातून आले होते. दुसऱ्या कोणाला दोन दिवसांत हे काम जमण्यासारखं नव्हतं. इरा म्हणाली, "कॅन्सल करायला लागेल."

"कॅन्सल?" चीफसाहेबांनी वही मिटली. "सेकंड इंजिनियर आजारी पडला की त्याची वॉचची पाळी चीफ घेतो. अकाउंट्स, माझं माप घ्या."

मी टेप घेऊन उभी राहिले. अनिकेतची नऊवारी त्यांना घोट्याच्या वीतभर वर येत होती आणि कमरेला मिटत नव्हती. उशीची गरज नव्हती, ती देवाने दिलेली होती.

"आणि मिशी?" मी विचारलं.

"मिशी राहील. बाई म्हातारी आहे."

शनिवारी हॉल भरला. मिशीवाली आई स्टेजवर आली आणि पहिल्या रांगेतल्या पोरांनी खुर्च्यांवर उभं राहून आरोळ्या ठोकल्या. पाय धरणं झालं, फरशी पुसणं झालं. साठी उलटलेला तो धिप्पाड माणूस अंगभर नऊवारी सांभाळत घसरत होता आणि लोक डोळे पुसत हसत होते. बादली पिळून झाली. गंपूची बोट गेली. आता आईने आत जायचं आणि देवमाशाने यायचं.

चीफसाहेब आत गेले नाहीत.

ते वळून स्टेजवरच्या टेबलापाशी आले. तिथे काही नव्हतं, पण त्यांनी एक कप उचलला. मुलाचा अर्धा राहिलेला चहा ओतला, कप धुतला, पुसला, फळीवर पालथा ठेवला. खुंटीवरून शर्ट काढला आणि नळाखाली धरायला गेले. हात थांबले. शर्टाची कॉलर नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली आणि शर्ट न धुताच परत टांगला. मग एक ताट वाढून घेतलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिले.

सुरुवातीला दोन-तीन जण हसले. मग ते हसू थांबलं. आमच्या मंडळात बोटीवरच्या लोकांची घरं बरीच आहेत. त्यांच्या बायका मधल्या रांगेत एकत्र बसल्या होत्या, त्यातली एकही हलत नव्हती.

विंगेत देवमासा चुळबुळत होता. इरा माझ्या कानाशी लागली. "ममा, हे स्क्रिप्टमध्ये नाहीये."

"माहीत आहे."

"मग आम्ही काय करायचं?"

"थांबायचं," मी म्हटलं.

शेवटी ते उठले, पदराने तोंड पुसलं आणि आत आले. मासा बाहेर गेला. कधी नव्हे ते डोकं आणि शेपूट एकाच दिशेने गेलं. पुढचं नाटक झोकात झालं. गंपू घरी परतला तेव्हा हॉल उभा राहिला.

प्रयोगानंतर कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांच्या लुगड्याच्या पिना काढत होते. पडद्यामागे मुलांचा गोंधळ चालला होता. दार ढकलून त्यांची मुलगी माधवी आत आली. ती इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते, मितभाषी आहे. दाराशीच उभी राहिली.

"काल विचारलंत ते यासाठी होय?" ती म्हणाली.

चीफसाहेब माझ्याकडे वळले. "त्याचं असं आहे, अकाउंट्स, हिची आई शुभा मला निरोप द्यायला दारापर्यंत यायची. हसत. दर खेपेला हसत. मी खाली जाऊन टॅक्सीत बसायचो. त्यापुढे घरात काय व्हायचं, ते मी कधी बघितलंच नाही. आणि ती होती तोवर विचारायचं सुचलं नाही." त्यांनी पदराने मिशी पुसली. "काल हिला विचारून घेतलं. हिने बघितलंय ना सगळं, लहानपणी."

मग त्यांनी माधवीला विचारलं, "बरोबर झालं का गं?"

माधवी पुढे आली. त्यांच्या खांद्यावरची एक पिन तिने काढली.

"कप बरोबर होता," ती म्हणाली. "शर्टही. ताट चुकलं."

"का? काय चुकलं?"

"आई त्या दिवशी स्वतःचं ताट घ्यायचीच नाही, बाबा. मला भरवायची. मी विचारलं की म्हणायची, आता बोट सुटली की तुझे बाबा जेवतील, मग मी जेवेन."

चीफसाहेब स्टुलावर बसले. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं.

"हे काल सांगितलं नाहीस."

"काल सांगवलं नाही."

बाहेरून मुलं हाका मारत होती. ग्रुप फोटो काढायचा होता, चीफ अंकलशिवाय नको, लुगडंही सोडू देऊ नका, असा घोषा चालला होता. चीफसाहेबांनी शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बैस इथे," ते माधवीला म्हणाले. "आणखी काय काय करायची? सगळं सांग."

मी पिनांची डबी उचलली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. इरा फोन सरसावून उभीच होती. "ममा, अंकलना किती वेळ लागेल?"

"लागेल थोडा," मी म्हटलं. "तुम्ही सामोसे खाऊन घ्या तोवर."