काजळराणीचा वकील

मास्तरांनी आ वासला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची सुई आत घातली, तेव्हा दोघांच्याही मनात दाढेचा विषय नव्हताच. दोघांच्या डोक्यात एकच बाई होती, काजळराणी.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवत. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला 'ज्वालागडची गाथा' वाचायला लावली होती. राजे, ड्रॅगन, जादूटोणा, फितुरी असा सगळा मालमसाला असलेली ती जाडजूड मालिका. तिच्या चाहत्यांचं वाचनालयात एक मंडळ होतं, आणि मंडळ म्हटलं की दोन तट आलेच. चौथ्या भागाच्या शेवटी ज्वालागड जळून खाक होतो. तो कुणी जाळला हे लेखकानं लिहिलेलंच नाही. लेखक मोकळा झाला आणि ही माणसं एकमेकांच्या उरावर बसली.

मास्तरांचा तट म्हणे, ड्रॅगनला खोकला झाला होता, त्याला ठसका लागला आणि गड पेटला. बिचाऱ्या राणीचा काय संबंध? दुसरा तट म्हणे, ड्रॅगनची आग तिसऱ्याच भागात बर्फाच्या तळ्यात विझली, गड राणीनंच जाळला, तोही रागाच्या भरात. शेवटी आज संध्याकाळी वाचनालयात राणीवर रीतसर खटला चालवायचं ठरलं. निकाल एकदाच, अपील नाही. राणी दोषी ठरली तर हॉलमधली तिची तसबीर उतरणार आणि तिथं दुसऱ्या तटाचा लाडका एकडोळ्या सेनापती चढणार. ती तसबीर मास्तरांनी स्वतः चौकट करून आणून, स्वतः खिळा ठोकून लावलेली. राणीचे वकील अर्थातच मास्तर, आणि राणीच्या विरुद्ध उभ्या राहणार होत्या याच डॉक्टरीणबाई.

दाढेला काय, तिला आजचाच मुहूर्त सापडला. गल्लीत दातांचा दवाखाना एकच, त्यामुळे अडला हरी मुकाट्यानं शत्रूच्या खुर्चीत जाऊन बसला.

"घाबरू नका मास्तर, सूड दवाखान्याबाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एका इंजेक्शननं भागेना म्हणून त्यांनी दुसरं दिलं, गालात कापूस कोंबला आणि बधिर व्हायची वाट बघत स्टुलावर बसल्या. आता गप्प बसायचं की नाही? पण छे!

"संध्याकाळी तुम्ही ते ड्रॅगनच्या नाकातल्या धुराचं काढणार ना?" त्या म्हणाल्या. "मी शोधलं. चौथ्या भागात तसं वाक्यच नाही."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. वाक्य नाही? तबेल्याच्या प्रसंगात, डाव्या पानावर, अगदी खाली आहे! त्यांनी हे सगळं सांगितलं, पण बाहेर आलं ते फक्त "अऊ आआ ओ" एवढंच.

"अहो, बोलू नका. कापूस हलेल."

मास्तर उठले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, चूळ भरायला निघाले. मास्तर बेसिनवरून पुढे गेले, दारातून बाहेर पडले आणि तरातरा घराकडे निघाले. पुस्तक आणायचं, पान उघडायचं, नाकासमोर धरायचं आणि मग काय उपटायच्या त्या दाढा उपटू द्यायच्या, असा सरळ हिशोब होता. गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालानं लाळ पुसता पुसता त्याच्या चिंध्या झाल्या, त्या त्यांनी कोपऱ्यावर टाकून दिल्या. वाण्यानं "काय मास्तर?" म्हणून विचारलं, त्याला त्यांनी अर्ध्या तोंडानं हसून दाखवलं. वाणी दुकानात आत सरकला.

घरी मास्तरीणबाई नुकत्याच बालवाडीतून आल्या होत्या. त्या बालवाडी चालवत. आवाज न चढवता पन्नास पोरांना रांगेत बसवणारी बाई, पण दारात उभा असलेला नवरा बघून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. एका बाजूचा ओठ लोंबलेला, हनुवटीवर लाळ, डोळे तारवटलेले. दाढ दुखत असल्याबद्दल मास्तरांनी घरात ताकास तूर लागू दिली नव्हती, कारण बायकोनं आजचा खटला बंद पाडला असता. तिच्या लेखी ते क्लासला गेले होते.

"अहो, काय झालं तुम्हाला?"

"ऊर! ऊर!" मास्तर म्हणाले. म्हणजे धूर.

त्यांनी कपाटातून चौथा भाग ओढून काढला, तबेल्याचं पान उघडलं आणि ड्रॅगनच्या चित्रावर बोट आपटायला सुरुवात केली. मास्तरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तरी बाई खमकी. तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं, हातात पेन दिलं, कागद दिला.

"बोलता येत नाही ना? लिहा. काय होतंय ते नीट लिहा."

आता इथं कुणीही शहाणा माणूस 'दातांचं इंजेक्शन' एवढे दोन शब्द लिहून मोकळा झाला असता. मास्तरांच्या हातात पेन आलं आणि त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'राणी निर्दोष आहे.' खाली दोन रेघाही मारल्या.

मास्तरीणबाईंनी ते वाचलं आणि सरळ रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेत मास्तर आडवे पडल्या पडल्या प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबत होते. समोरच्या गाडीशी अंतर कमी झालं की दोन्ही पाय दाबत. "झटके येताहेत हो," मास्तरीणबाई मदतनिसाला म्हणाल्या आणि त्यानं तसं पुढे कळवून टाकलं. त्यामुळे इस्पितळाच्या दारात चाकांची खाट तयारच होती.

तरुण डॉक्टर धावत आला. "काका, हसून दाखवा." मास्तर हसले, निम्मे. "दोन्ही हात वर करा." केले. "आज संध्याकाळी काय आहे, आठवतंय?"

बिचाऱ्याला फक्त शुद्ध तपासायची होती. पण त्या प्रश्नानं मास्तरांना वेळेचं भान आलं आणि जो काही धबधबा सुटला त्यात डॉक्टरला एक अक्षर कळेना.

"हे काय म्हणताहेत?"

मास्तरीणबाईंना मात्र सगळं कळत होतं. संसार केला होता त्यांनी. पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, "म्हणताहेत, आज खटला आहे. काजळराणीनं काही केलं नाही. ड्रॅगनला खोकला झाला होता."

डॉक्टरचा हात मध्येच थांबला. "ज्वालागड? चौथा भाग?" तो पुढे झुकला. "पण काकू, ड्रॅगनची आग तर तिसऱ्या भागातच विझली ना?"

"आग विझली, पण धुमसत होता तो," मास्तरीणबाई नाक ओढत म्हणाल्या. "तबेल्यात घोडे बुजतात ते उगाच का? त्याच्या नाकातून धूर येत असतो म्हणून. डाव्या पानावर आहे, खाली. तुम्ही आधी यांच्याकडे बघा हो."

मास्तरांचा जबडा खाली पडला. इतका खाली पडला की गालातला कापूस टपकन उशीवर आला.

डॉक्टरनं तो चिमट्यानं उचलला, वास घेतला आणि सावकाश विचारलं, "काका, तुम्ही दातांच्या डॉक्टरकडून आलात का?"

मास्तरांनी मान हलवली. पुढच्या काही मिनिटांत मास्तरीणबाईंनी जे काही ऐकवलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही; पडद्यापलीकडचा रोगी मात्र बरं वाटतंय म्हणून उठून बसला. डॉक्टरनं तरी रक्तदाब बघितला, बॅटरीचा उजेड डोळ्यांत मारला, अर्धा तास झोपवून ठेवलं आणि जाताना म्हणाला, "सगळं ठीक आहे. आणि काका, मी सेनापतीच्या बाजूचा आहे."

बाहेर आल्यावर मास्तरांनी बायकोकडे बघून भुवया उंचावल्या. एवढाच प्रश्न त्यांना विचारता येत होता.

"हो, वाचलंय मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सगळे भाग. जेवताना तुमचं ऐकून ऐकून वाटायचं, इतकं बावळट पुस्तक लोक का वाचत असतील? म्हणून उघडलं. पुस्तक बरं आहे. तुम्हीच निम्मं चुकीचं सांगता."

वाचनालयाचा हॉल भरला होता. न्यायाधीशाच्या खुर्चीत ग्रंथपाल बसले होते आणि घड्याळाकडे बघत होते. राणीचा वकील आला नाही तर निकाल राणीच्या विरुद्ध, असा नियमच होता. मास्तर आत शिरले तशा डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, पळालात कुठे? दाढ तशीच आहे!"

"आधी अअआ," मास्तर बाणेदारपणे म्हणाले. म्हणजे आधी खटला.

हॉलमध्ये खसखस पिकली. कुणीतरी सेनापतीची तसबीर भिंतीला टेकवून ठेवली होती. मास्तरांचा चेहरा पडला. बोलता येईना आणि बसवेनाही. तेव्हा पाठीमागून आवाज आला, "यांचं बोलणं मला कळतं. ते बोलतील, मी सांगेन."

ग्रंथपालांनी नियमांत शोधलं. बायकोनं मध्ये बोलू नये असं कुठंच नव्हतं.

मास्तर बोलले, मास्तरीणबाईंनी सांगितलं. खोकला, ठसका, धूर, आगीशिवाय धूर निघत नाही, सगळं अगदी इमानेइतबारे सांगितलं. मग डॉक्टरीणबाई उठल्या.

"धूर होता, मान्य. ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं, चूक माझी. पण आग लागली ती सिंहासनाच्या दालनात. दार बाहेरून बंद होतं आणि ड्रॅगन खाली तबेल्यात बांधलेला. ठसका जिने चढून वर गेला का?"

हॉल हसला. मास्तर तावातावानं काहीतरी बोलले. मास्तरीणबाईंनी कान देऊन ऐकलं, क्षणभर भिंतीवरच्या राणीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते म्हणतात, बरोबर आहे. गड राणीनंच जाळला."

मास्तर दोन्ही हात हलवायला लागले.

"आवेश आलाय त्यांना," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पुढे झाल्या. "जाळला, पण रागाच्या भरात नाही. आदल्या संध्याकाळी राणी काय करते बघा. आचाऱ्यांना नदीपलीकडे पाठवते. म्हाताऱ्या दासीला बहिणीकडे धाडते. घोडे मोकळे सोडते. तुम्ही सगळे म्हणता, राणीचं डोकं फिरलं होतं. पण शेवटी ती खिडकीत जाऊन पिंजऱ्याचं दार उघडते आणि पोपट सोडते. ते वाक्य कुणी बघितलं का? बालवाडीत मी रोज बघते. चिडलेलं पोर हाताला येईल ते फेकतं, कुणाला लागेल याचा विचार करत नाही. पोपट सोडायची आठवण असलेली बाई चिडलेली नसते हो."

नेमक्या याच वेळी मास्तरांच्या ओठाला मुंग्या आल्या. जीभ दातांना लागली, ती लागलेली कळली. मग दाढेत एक सणसणीत कळ आली. बोलता येणार होतं! त्यांनी तोंड उघडलं. हा आपला मुद्दा नाही, राणीनं काडीही ओढलेली नाही, हे सगळं जिभेवर आलं होतं.

"आणि दुसऱ्या दिवशी काय होतं?" मास्तरीणबाई विचारत होत्या. "तिचा मुलगा गादीवर बसणार होता. त्या गादीवर बसलेला एक तरी राजा अंथरुणात मेलाय? घरात साप निघाला तर आई आधी पोरांना बाहेर काढते आणि मग काठी उचलते. तिनं गड जाळला नाही, ती गादी जाळली. त्यात गड गेला. जाऊ दे!"

मास्तरांनी तोंड मिटलं. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा त्यांनी घाईघाईनं "ऊं ऊं, आ ऊं" केलं आणि हातानं पुढे चालू दे अशी खूण केली. दाढ ठणकत होती, डोळ्यांत पाणी येत होतं. ते सगळंच दाढेमुळे नव्हतं.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या, कागद चाळले आणि बसल्या. राणीच्या बाजूनं हात इतके वर झाले की मोजावे लागलेच नाहीत. गड जाळला हे खरं, तरी राणी निर्दोष. सेनापतीची तसबीर कुणीतरी उलटी करून ठेवली.

"हा युक्तिवाद नोंदवून ठेवायला हवा," ग्रंथपाल म्हणाले. "कुणाच्या नावे लिहू?"

"यांच्याच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी आपली सांगणारी."

"साफ खोटं!" मास्तर गरजले. शब्द अगदी खणखणीत आला. "यातलं एक अक्षर माझं नाही. हे सगळं हिचं आहे. इतक्यांदा वाचलं, पण मला तो पोपट कधी दिसलाच नव्हता. लिहा, हिचंच नाव लिहा!"

सगळा हॉल त्यांच्याकडे वळला. मास्तरीणबाई सावकाश वळल्या.

"म्हणजे तुम्हाला बोलता येत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"पोपटापासून."

"मग इतका वेळ करत काय होतात?"

मास्तरांनी ठणकत्या गालावर हात ठेवला, आणि छाती मात्र चांगली पुढे काढली.

"ऐकत होतो," ते म्हणाले.