मुलगी वजनात बसत नाही

तिसरीतल्या नूपुरला परळच्या तिच्या शाळेच्या लंगडीच्या संघात जायचं होतं. हट्ट एवढासा, पण पाय ऐकेनात. दप्तर पाठीला, वर चाळीचे जिने. घरी पोचेपर्यंत पोटऱ्यांचे दगड व्हायचे. मैदानात चार उड्यांतच दुसरा पाय टेकायचा. टेकला की बाद.

"काय भरतंस गो ह्याच्यात?" दप्तर उचलताना आजोबा शामरावांना धाप लागली. "गिरणीत गाठी उचलूचो आमका पगार तरी गावत होतो!"

नूपुरची आई दर्शना तडक मुख्याध्यापक हितेंद्र सरांकडे गेली. सरांनी विषय गांभीर्याने घेतला. वजनकाटा मागवला. आधी दप्तर ठेवलं, मग नूपुर.

"नियम स्पष्ट आहे, मॅडम. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्के. दप्तर सहा किलो, त्यात काही दोष नाही. मुलगी साठ किलो हवी होती, ती बावीसच भरली."

"अहो सर, आठ वर्षांची आहे ती!"

"म्हणून तर दिवाळीपर्यंत मुदत देतोय."

दर्शनाने डिंकाचे लाडू सुरू केले. नूपुर किलोभर वाढली. शाळेने अभिनंदन केलं, आणि झालेल्या वाढीच्या प्रमाणात सामान्यज्ञानाची एक वही वाढवली. पोटऱ्या ठणकतच राहिल्या. मग 'पोटरी सबलीकरण' हा नवा विषय आला. त्याचं पुस्तक, त्याची प्रात्यक्षिक वही, आणि पायांना बांधायला वाळूच्या दोन पिशव्या. सगळं रोज दप्तरातून आणायचं.

आता मात्र पालक खवळले. सभा भरली. हितेंद्र सरांनी घाम पुसला.

"बरं. पुस्तकं शाळेतच ठेवू. उद्यापासून फक्त डबा आणि एक वही."

टाळ्या पडायच्या, तर कुजबुज सुरू झाली. मग नूपुरच्या वर्गातल्या मनवाची आई उठली. "पलीकडच्या शाळेत किती किलो आहे हो?"

"साडेसात."

"अगंबाई! मग आपली मुलं मागे नाही का पडणार?"

कुजबुज वाढली. "दप्तर आहे तसंच राहू दे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत," सर म्हणाले.

दाराशी नूपुर एका पायावर तोल सांभाळत आईकडे बघत होती. दर्शनाने लेकीकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. हातांचं रान उगवलं होतं. त्यात तिचाही हात हळूच उगवला.

नूपुरचा दुसरा पाय टेकला.

"घ्या हात खाली," सर म्हणाले, "मोजून झाले."

तुम्हीही घ्या.