कुंदामावशीची दोरी

कुंदामावशी कोणतीही गोष्ट आधी गालाला लावून पाहते. दोरीवरचा टॉवेल, दुकानातली नवी चादर, ओंजळभर तूरडाळ, पाहुण्यांचं बाळ. गालाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "ओलं हाय," नाहीतर "वायलं." आमच्याकडे वाळण्याला वायणं म्हणतात. मावशीकडे तिसरा निकाल नसतो.

गल्लीत नव्याने राहायला आलेल्या बँकेतल्या साहेबांचा हात तिने गालाला लावला नाही, एवढंच. पण तळव्यावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ओला हाय. घाबरून राह्यला हा माणूस." साहेब खरंच घाबरले होते. त्यांच्यासमोर मावशी उभी होती.

ही सवय जिनिंगमधली. आमच्या सिंदी रेल्वे या गावात कापसाचा व्यापार मोठा, आणि मावशीने अख्खी नोकरी एका जिनिंगच्या ऑफिसात केली. ओला कापूस वजनात जास्त भरतो, म्हणून खरेदीवाले मूठभर कापूस दाबून बघत. मावशी गालाला लावायची. पुढे ओलावा मोजायचं मशीन आलं, तेव्हा तिने आधी मशीनलाच गाल लावला असं बाबा सांगतात. मला ते खरं वाटतं.

रिटायर झाल्यावर कापूस सुटला आणि आमची गल्ली तिच्या ताब्यात आली. आभाळ भरून आलं की मावशी निघाली. कोणाचंही फाटक उघडायचं, कोणाच्याही दोरीवरचे कपडे काढायचे, आपल्या अंगणात नेऊन घड्या घालायच्या आणि संध्याकाळी घरोघर पोचवायचे. सोबत अभिप्राय फुकट. "वहिनी, भाऊजीच्या बनियनले लय भोकं पडले. सांगत नसन थे तुमाले." एकदा ठाकरेकाकूंनी तोंड वाकडं केलं. मावशी म्हणाली, "बरं. उद्यापासून तुमचे भिजू देतो." दुसऱ्या दिवशी दुपारी सर आली आणि काकूच फाटकातून ओरडल्या, "अवं कुंदाताई, कुठी गेली वं?"

तिची स्वतःची दोरी हा वेगळाच विषय होता. मावशी एकटी राहते. तिचे यजमान माझ्या जन्माआधीच गेले, मूलबाळ नाही. पण दोरी बघितली तर वाटावं घरात लग्न आहे. लुगडी, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, आणि एका टोकाला निळ्या रेघांचा जुना शर्ट. शर्ट चोरांना दाखवायला, असं गल्लीचं मत होतं. घरात गडीमाणूस आहे असं वाटलं पाहिजे. मलाही तसंच वाटायचं.

मी रोज संध्याकाळी तिच्या अंगणात घड्या घालायला बसत असे. मी फार बोलत नाही. इंग्लिश शाळेत जाऊन पोरीची मराठी आटली, असं आमच्या नातेवाइकांचं निदान आहे. खरं म्हणजे मला दोन्ही भाषांत बोलायला सारखीच भीती वाटते. मावशीला हे निदान न करताच कळलं होतं. ती माझ्या वाटचं बोलायची. "हिले चहा नको, पाणी द्या." "हिले थो सिनेमा आवडला नाई." "हिचं डोकं दुखून राह्यलं, जाऊ द्या तिले घरी." बहुतेक वेळा बरोबर असायचं. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ओढायचं, झटकायचं, जवळ यायचं, टोकं तिच्याकडे द्यायची. तासभर एवढंच चालायचं, आणि दिवसातला तो तास मला कधीच जड गेला नाही.

मग मला नोकरी मिळाली, आणि ती कर्नाटकात. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला सिंदीत काय काम मिळणार, म्हणून मी इकडेतिकडे अर्ज करत होते. तीर्थहळ्ळी नावाच्या गावाजवळ, सदाहरित जंगलाच्या कडेला, जंगली झाडांची रोपं वाढवणारी एक रोपवाटिका होती. त्यांनी फोनवर मुलाखत घेतली आणि म्हणाले, एकदा येऊन बघा, मग कळवा.

घरी खल झाला. आईचे गुडघे, बाबांच्या शाळेत परीक्षा. बाबांनी शेवटी तोडगा काढला. "कुंदाताई जाईन संगं. तिनं गाव पाहून हाव म्हटलं त जाजो. नाई म्हटलं त विषय बंद."

माझ्या वाटचं बोलणारी व्यक्तीच आता निकाल देणार होती.

सिंदीहून निघालो तेव्हा मावशीच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत तिळाची चटणी, भाकरी आणि पिवळ्या नायलॉन दोरीचं भेंडोळं. "दोरी कायले?" बाबांनी विचारलं. "तिथं दोरी असन का नाई, काय माहीत," मावशी म्हणाली.

बंगळूरपर्यंत गाडी, पुढे शिमोग्यापर्यंत दुसरी गाडी, मग बस. बस जसजशी घाटमाथ्याकडे गेली तसतसं बाहेरचं सगळं हिरवं होत गेलं. आधी झाडं, मग भिंती, मग कौलं, मग विजेचे खांब. मावशीने खिडकीच्या काचेला गाल लावला आणि पदराने पुसला.

तीर्थहळ्ळी हे तुंगा नदीच्या काठचं छोटं गाव. एक जुना पूल, खाली चहाच्या रंगाचं पाणी, बाजारात सुपारीचे व्यापारी, आणि पाऊस. तो पडतो असं म्हणता येत नाही. तो तिथे राहतो. लोक त्यातून छत्री घेऊन आरामात चालतात, कोणी धावत नाही. आमची सोय गिरिजम्मा नावाच्या बाईंच्या घरी केली होती. मावशीच्याच वयाच्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, हिंदी चार-सहा शब्दांचं. मावशीचं कन्नड त्याहून कमी, म्हणजे शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मावशीने ओसरीत या खांबापासून त्या खांबापर्यंत पिवळी दोरी बांधली होती आणि आमचे सगळे कपडे धुवून त्यावर टाकले होते. सगळे. प्रवासात घातलेले, न घातलेले, इस्त्रीचे, माझा रोपवाटिकेत घालून जायचा ड्रेससुद्धा.

"मावशी, हे तर धुतलेलेच होते."

"मंग काय झालं? अर्ध्या तासात वायते."

सिंदीत वायले असते. आमच्याकडे पावसाळ्यातही तासभर ऊन पडतं आणि कापड कडक होऊन जातं. इथे दुपारी कपड्यांतून पाणी ठिबकणं थांबलं, तीच मोठी प्रगती. मावशी दर थोड्या वेळाने जाऊन गाल लावून यायची. गिरिजम्मा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ओणगिल्ला."

"काय म्हणते थे?"

"वाळले नाहीत म्हणतात," मी अंदाजाने सांगितलं.

"थे मले मायीत हाय," मावशी म्हणाली. पण शब्द तिने उचलला. पुढचे दिवस ती प्रत्येक गोष्टीला तो लावत होती. गादी, ओणगिल्ला. काड्यापेटी, ओणगिल्ला. मिठाच्या बरणीत बोट घालून, "माय वो, मीठ बी ओणगिल्ला." गिरिजम्मा दर वेळी मनापासून हसायच्या.

मावशीजवळ आता अंगावरच्या लुगड्याशिवाय कोरडं काही नव्हतं, आणि ते ओसरीत जाण्या-येण्यात भिजलं. त्याच दिवशी संध्याकाळी गिरिजम्मांनी आपली एक साडी आणून तिच्या हातात दिली. मावशीने गालाला लावली. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"वायली हाय," ती हळूच म्हणाली. "कशी काय वं?"

गिरिजम्मांनी आम्हाला मागच्या न्हाणीघरात नेलं. तिथे मोठा तांब्याचा हंडा चुलीवर कायमचा बसवलेला होता. खाली ओंडका धुमसत होता. तिकडच्या घरांत पावसाळाभर ही चूल विझू देत नाहीत. अंघोळीचं पाणी त्यावर, आणि वरती आडव्या टांगलेल्या बांबूंवर घरभराचे कपडे. उबदार धुराचा वास होता. कोपऱ्यात पत्र्याचा डबा होता, त्यात उन्हाळ्यात केलेले फणसाचे पापड. मावशीने एक पापड उचलून गालाला लावला.

"वायला," तिने निकाल दिला. त्या गावात पडलेला तिचा हा दुसरा चांगला शेरा.

मग दोघी चुलीसमोर पाटावर बसल्या. एक वऱ्हाडीत बोलत होती, दुसरी कन्नडमध्ये, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. पापड, सांडगे, ऊन, सुना, गुडघे. हाताच्या खुणांवरून मला एवढं कळलं. आमचे कपडे बांबूवर चढले. माझा ड्रेस सकाळी कोरडा मिळाला, धुराच्या वासासकट.

त्या सकाळी आम्ही रोपवाटिकेत गेलो. मावशी आधीच ठरवून आल्यासारखी चालत होती. "दगडाले बी बुरशी हाय इथं. तू इथं राह्यशीन त तुले बी चढन." मला वाटलं, निकाल लागला.

रोपवाटिका नदीकडे उतरणाऱ्या उतारावर होती. तिथल्या दोन मुली आणि एक वयस्कर माळी मला रोपं दाखवायला लागले. एका ओळीत रानजायफळाची रोपं होती. त्यांच्याबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. दलदलीत उभी राहणारी, चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढणारी झाडं. मी वाकून बघितलं आणि काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी मला विचारलं. मोडकं हिंदी, मोडकं इंग्लिश, मध्येच कन्नड. कोणाचीच भाषा सरळ नव्हती, त्यामुळे माझीच तेवढी वाकडी आहे असं वाटेना. एक मुलगी काहीतरी म्हणाली आणि मी मोठ्याने हसले. किती वेळ गेला मला कळलं नाही.

मागे वळून पाहिलं तर मावशी पत्र्याच्या छपराखाली छत्री घेऊन उभी होती. तिच्या घोट्यावर फुगलेली जळू लटकली होती, रक्ताचा ओघळ चपलेपर्यंत आला होता. ती पायाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मावशी, पाय," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "तू बोल."

परतीच्या प्रवासात ती बोलली नाही. कुंदामावशी बोलत नाही म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्या कोणालाही विचारा. एका स्टेशनवर चहावाला आला. मी सवयीने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "दोन द्या. एक बिनसाखरेचा." तिने कप घेतला आणि मान हलवली, जणू काही पक्कं झालं.

सिंदीला पोचलो त्या संध्याकाळी आमच्या ओसरीत निम्मी गल्ली जमली होती. ठाकरेकाकू तर खुर्ची घेऊन आल्या होत्या. बाबांनी विचारलं, "काय कुंदाताई? कसं हाय गाव?"

मावशीने माझ्या ओढणीचं टोक उचललं, गालाला लावलं, सोडलं.

"काही खरं नाई त्या गावाचं," ती म्हणाली. "मिठाचं पाणी होते. काडी पेटत नाई. पायाले जळवा लागते. कपडे त वायतच नाई, चुलीवर टांगा लागते."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मंग नको म्हणतं?"

"मी कवा म्हटलं नको?" मावशी बाबांवरच डाफरली. "पोरगी बोलते तिथं. हासते बी. मी सोताच्या डोयानं पाह्यलं. जाऊ द्या तिले."

आणि पिशव्या उचलून घरी गेली. त्या दिवशी तिने कोणाच्या दोरीला हात लावला नाही.

मी निघाले तेव्हा तिने पिवळ्या दोरीचं भेंडोळं माझ्या बॅगेत कोंबलं. "चुलीवर बांधजो," एवढंच म्हणाली. बॅग भरताना माझा लिंबू रंगाचा जुना कुर्ता सापडला नाही. आई म्हणाली, राहिला असेल त्या गिरिजम्माकडे. इथे आल्यावर विचारलं, तर नव्हता.

आता मी गिरिजम्मांच्याच घरी राहते. पिवळी दोरी न्हाणीघरात बांबूंच्या शेजारी बांधली आहे. माझ्या सगळ्या कपड्यांना धुराचा वास येतो आणि मला तो आवडतो. बाजारात भाजी मी स्वतः मागते. चुका होतात, भाजीवाली दुरुस्त करते, मी पुन्हा म्हणते. हे सगळं कोणामुळे, ते मला माहीत आहे. तिला तसं सांगायला मात्र अजून जमलेलं नाही.

परवा दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. सिंदीत ऑक्टोबरचं ऊन होतं, अंगणात पापड ठेवला तर भाजून निघेल असं. आई फोन घेऊन मावशीच्या फाटकाशी गेली. "पाह्य, तुयी मावशी. रोज थेच धुते."

दोरी नेहमीसारखी भरलेली होती. पडदे, चादरी, निळ्या रेघांचा शर्ट. आणि शर्टाच्या शेजारी माझा लिंबू रंगाचा कुर्ता. रंग बराच उडाला होता.

मावशीने आम्हाला पाहिलं नव्हतं. तिने कुर्त्याची बाही हातात घेतली, गालाला लावली आणि डोळे मिटले.

"काऊन वं कुंदाताई, वायला नाई का अजून?" आईने विचारलं.

"नाई," मावशी म्हणाली. "ओला हाय. राहू दे दोरीवर."