दुसऱ्या मजल्याचे निकमकाका

निकमकाकांना कोणी ‘कसे आहात?’ असं विचारलं, की ते सरकारने काय करायला हवं ते सांगतात. आमच्या सिडकोतल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहतात. सगळी उमर सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून गेली. आता जिन्यात, गेटपाशी, दुधाच्या दुकानाबाहेर येरझाऱ्या घालत ते देश सुधारतात. खुर्ची दिली तर दोन मिनिटं टेकतात आणि लगेच उठून म्हणतात, ‘दया नको, नियम हवा.’

म्हातारपणी प्रत्येकाला पेन्शन, कंत्राटी माणसाला पगारी सुट्टी, पावसाने काम बुडालं तर मजुराला अर्धा रोज, असे त्यांचे अर्ज खिशात घड्या घालून तयार असतात. एकदा आमच्याकडे वाटीभर साखर मागायला आले आणि पेन्शन समजावता समजावता आमचं दूध उतू घालवून, साखर विसरून गेले. दिंडोरीला माझ्या मेहुण्याच्या द्राक्षबागेत नेलं, तर छाटणीला आलेल्या बायकांना त्यांनी अर्ध्या रोजाची योजना सांगायला घेतली. काम थांबलं, मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. एका बाईने विचारलं, ‘बाबा, तुमी कंच्या पक्षाचे?’

काका म्हणाले, ‘मी दुसऱ्या मजल्याचा.’

मागच्या वर्षी आमचे जिने झाडणाऱ्या शोभाताई सायखेड्याला माहेरी गेल्या असताना ओट्यावरून पडल्या. उजवा हात मोडला. डॉक्टरांनी दीड महिना काम बंद सांगितलं. मीटिंगमध्ये ठरलं, दुसरी बाई बघू. मी सेक्रेटरी, मीच तसं लिहून घेतलं. आता काका भाषण करणार म्हणून सगळे घड्याळाकडे बघायला लागले. काका सरळ उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जिन्यात झाडूचा आवाज. काका तिसऱ्या मजल्यापासून झाडत खाली येत होते. मी झाडू घ्यायला गेलो, तर म्हणाले, शोभाची जागा रिकामी नाही, दुसरी बाई शोधू नका, आणि तिचा पगार तिला पोचता करा. वय सत्तरीचं. मध्येच कमरेवर हात ठेवून थांबायचे. आठवडाभरात लोकांना त्यांच्यासमोरून जिना उतरायची लाज वाटायला लागली. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला: आजारपणात पगारी सुट्टी आणि कामाची जागा कायम. झाडायला प्रत्येक घराने वार वाटून घेतले. काका दुसऱ्यांच्या वारीही झाडायचेच.

दीड महिन्याने शोभाताई आल्या, आणि जिन्याचे कोपरे बघून त्यांनी पहिल्यांदा नाकच मुरडलं. मी काकांना म्हटलं, तुमची एक तरी योजना लागू झाली.

ते कठड्याला धरून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, काकू शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होत्या तेव्हा खाडा केला तर मशीनवर दुसरा माणूस उभा करतील, या धास्तीने त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता.

‘निरोप आला तेव्हा मी मशीनवरच होतो,’ ते म्हणाले. ‘सकाळी तिने विचारलं होतं, आज थांबता का.’