मदरबोर्डाचं कपाळ

"बोर्डाचं मी बघतो," एवढंच मी म्हणालो होतो. या एका वाक्यावरून माझ्या घरात माझ्याविषयी जे काही बोललं जातं, ते ऐका आणि तुम्हीच सांगा दोष कुणाचा. माझा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

हकिगत अशी. माझी बायको महादेवी लातुरात घरीच कंप्युटर एम्ब्रॉयडरी करते. ब्लाउजवरचे मोर आणि कोयऱ्या आधी कंप्युटरवर आखायच्या, मग पेन ड्राइव्हमधून ते डिझाईन मशीनला द्यायचं आणि मशीन ते मुकाट कापडावर भरतं. (दिलेलं काम मुकाट करत असल्यामुळेच त्या मशीनला आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मान आहे.) तर ऐन लग्नसराईत तिच्या जुन्या कंप्युटरने मान टाकली. हातात उदगीरच्या एका लग्नाचं काम होतं. नवरी, नवरीची आई, मावश्या, करवल्या, सगळ्यांचे ब्लाउज. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि त्या लोकांनी बजावलं होतं की अक्षय तृतीयेच्या आत डिझाईन दाखवा, नाहीतर आम्ही सोलापूरला देतो.

तिचा भाऊ संगमेश नांदेडला कंप्युटर दुरुस्तीचं काम करतो. तो फोनवर म्हणाला, "अक्का, जुन्याच्या नादी लागू नको. सामान घेऊन ठेव, मी येऊन नवाच जोडून देतो." म्हणून आम्ही दोघं व्यंकटच्या कंप्युटरच्या दुकानात गेलो. प्रोसेसर, रॅम, कॅबिनेटचा डबा, सगळं झटपट झालं. राहिला मदरबोर्ड, म्हणजे ज्या पट्टीवर बाकीचं सगळं बसवतात ती. व्यंकटने दोन खोकी समोर ठेवली.

"ह्यो द्या," महादेवीने एका खोक्यावर बोट ठेवलं.

"थांब," मी म्हणालो. "ह्या दोघांत फरक काय?"

"काय न्हाई साहेब," व्यंकट म्हणाला. "एकच हाय समजा. ह्याच्या नावात प्लस हाय, त्याच्या नावात प्रो हाय."

"एकच आहे तर नावं दोन कशाला?"

"ते कंपनीला इचारा."

आता मी काही रस्त्यावरचा माणूस नाही. मी डाळ मिलमध्ये मालाची प्रत ठरवतो. मूठभर तूर तळहातावर घेतली की ही चाकूरची की रेणापूरची, हे मी सांगतो. (बरोबर सांगतो असं मी म्हटलेलं नाही, पण सांगतो.) अशा माणसाला कुणी 'एकच हाय समजा' म्हणून दोन वेगळे नमुने दाखवत असेल, तर त्याने गप्प बसायचं? मी महादेवीचं बोट खोक्यावरून उचललं आणि ते वाक्य म्हणालो. बोर्डाचं मी बघतो.

घरी येऊन मोबाइल घेऊन बसलो आणि पाहतो तर दोनच नाहीत, अख्खी भावकी आहे! प्लस, प्रो, प्लस टू, प्रो वायफाय, मॅक्स. सगळ्यांचं आडनाव एक, आकडा एक, चेहरा एक. प्लस म्हणजे अधिक असं मला शाळेत शिकवलंय. पण ज्याला प्लस लावलंय त्याला रॅमच्या खाचा दोनच, आणि ज्याला काहीच लावलेलं नाही त्याला चार! मॅक्सवर पाठीमागच्या भोकांची संख्या प्रोपेक्षा कमी! आमच्याकडे सहादाती बैल कोवळा दुदाती म्हणून कुणी बाजारात उभा केला, तर त्या माणसाला परत कुणी पाणी विचारत नाही. आणि हे लोक चकचकीत खोक्यात घालून राजरोस विकतात.

मग व्हिडिओ बघितले. एक पोरगेला माणूस दोन बोर्ड हातात धरून अर्धा तास बोलत होता. मी जेवण थंड करून ऐकलं. शेवटी म्हणतो काय, "आपल्या गरजेप्रमाणे निवडा." अरे, गरज मला कळत असती तर तुझं तोंड अर्धा तास कशाला बघितलं असतं!

मिलमध्येही डोक्यात तेच. दयानंदशेठनी एक पोतं उसवून विचारलं, "शिवमूर्ती, ह्यो माल कसा वाटतोय?"

"मॅक्स आहे," मी म्हणालो, "पण वायफाय नाही."

शेठनी पोतं माझ्यासमोरून बाजूला ओढलं. मग म्हणाले, "जा, चहा पिऊन ये."

शेवटी मी नांदेडला फोन लावला. वाटलं, जाणकार माणूस आहे, दोन शब्द खोलात जाऊन बोलेल.

"दाजी, कोनताबी घ्या," संगमेश म्हणाला. "अक्काच्या कामाला कोनताबी चालतो."

कोणताही चालतो! हे वाक्य मी डाळीबद्दल ऐकून घेत नाही, जावयाबद्दल ऐकून घेत नाही, आणि मेहुण्याच्या तोंडून तर मुळीच नाही. मी रागाने फोन ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून तुलना सुरू केली.

इकडे उदगीरचे फोन सुरूच होते. एका दुपारी महादेवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, ती बाई रोज इचारून राहिली, डिझाईन कव्हा दाखवताव म्हणून. मी काय सांगू? नवरा पट्टी पारखून राहिलाय म्हणू?"

"घाईत घेतलेला माल..."

"काम माझं, मशीन माझी, पैसे माझे. मी पहिल्याच दिशी बोट ठेवलं होतं. तुम्हाला कुनी मधी घातलं?" ती जायला वळली आणि परत फिरली. "हे काम गेलं तर एवढं मोठं परत येनार न्हाई. तेवढं ध्यानात ठेवा."

मला फार वाईट वाटलं. खरोखर वाटलं. त्यामुळे मी आणखी बारकाईने तुलना केली.

आणि निवडला! प्रो वायफाय. (आमच्या घरात वायफाय नाही, तो भाग वेगळा.) अक्षय तृतीया तीन दिवसांवर असताना मी ते खोकं छातीशी धरून घरी आणलं. संगमेश दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघणार होता. निघताना त्याने फोन केला, "दाजी, मी येईस्तोवर कशालाच हात लावू नका." हे बोलणं मला लागलं. तरीही सांगतो, मी हात लावला नाही. आव्वाने लावला.

आव्वा म्हणजे माझी आई, लक्ष्मम्मा. आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिला विभूती लागते. फ्रीजला दारावर लावली, स्कूटरला दिव्याच्या वर लावली, एम्ब्रॉयडरीच्या मशीनला तर महादेवी दर सोमवारी लावते. तेव्हा आव्वा विभूतीचा गोळा आणि पाण्याची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "जोडून झाल्यावर डब्याला लावू का?"

नीट ऐका. आव्वाने शहाणपणाचाच प्रश्न विचारला होता. पण डब्याला? डबा कुणीही निवडतो. ज्याच्यासाठी मी डोळे फोडले तो बोर्ड एकदा डब्यात गेला की जन्मात कुणाला दिसणार नव्हता. मी म्हणालो, "डब्याला कशाला? मानकरी हा आहे." आणि बोर्ड बाहेर काढून पाटावर ठेवला.

आव्वाने तीन बोटं पाण्यात बुडवली, गोळ्यावर घासली आणि थांबली. "शिवा, ह्याचं कपाळ कुठं हाय?"

इतके दिवस अभ्यास केलेल्या माणसाला हे विचारताय! मी तत्काळ दाखवलं. वरच्या बाजूला, मधोमध, चौकोनी. प्रोसेसर बसतो ती जागा. बोर्डाची अक्कल तिथेच असते.

"त्येच्यावर काळं झाकण हाय की," आव्वा म्हणाली.

"काढतो ना." मी झाकण काढलं. टोपी घालून विभूती कोण लावून घेतं?

झाकणाखाली केसांहून बारीक सोनेरी पिना होत्या, दाट पेरलेल्या. आव्वाने डोळे मिटले, नाव घेतलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत तीन आडव्या रेघा ओढल्या. चांगल्या ठसठशीत. हात जुना आहे तिचा.

संगमेशची बस चाकूरजवळ बंद पडली म्हणून तो दुपार टळल्यावर आला. हातपाय धुतले, पाटाजवळ बसला, वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"दाजी, हे पांढरं काय हाय?"

"विभूती."

"कुठं लावलीव?"

"कपाळाला."

"कुनाच्या?"

त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला आत बघायला सांगितलं. वादळात गहू लोळतो तशा पिना तीन पट्ट्यांत लोळल्या होत्या, आणि वरून ओली राख. महादेवीने एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बोर्ड खोक्यात घालून चपला घातल्या. त्यापेक्षा ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. उद्या सोलापूरचं नाव घेऊन उदगीरहून फोन येणार, एवढंच तिच्या तोंडावर दिसत होतं.

दुकानात व्यंकटने बोर्ड उलटसुलट केला. "फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत न्हाई."

"डॅमेज?" मी भडकलो. "पूजा केली तिला तुम्ही डॅमेज म्हणता? खोक्यावर कुठे लिहिलंय पूजा करू नये म्हणून?"

"झाकन काढू नये म्हणून लिव्हलंय की."

"ते इंग्रजीत आहे! बरं, असाच दुसरा द्या."

"ह्यो आता संपला साहेब. ह्येचा टू आलाय."

"टू?" मी खुर्ची ओढून बसलो. "म्हणजे आता टू आणि मॅक्स यांची..."

महादेवीने पुढे होऊन पहिल्या दिवसाच्याच खोक्यावर बोट ठेवलं. प्लस. ते बोट उचलायची हिंमत या वेळी मला झाली नाही. संगमेश म्हणाला, "दाजी, तुम्ही जरा भाईर रस पिऊन या." मी उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो आणि त्याने घरून आणलेलं सगळं सामान दुकानाच्या काउंटरवरच जोडून टाकलं. ज्या गोष्टीला मी इतके दिवस दिले, ती त्याने माझा दुसरा ग्लास संपायच्या आत उरकली. याला कामाबद्दल आदर म्हणतात का?

संध्याकाळी कंप्युटर सुरू झाला. महादेवी जी बसली ती मान वर न करता. दुसऱ्या दिवशी दुपारी डिझाईन उदगीरला गेलं आणि थोड्या वेळात फोन आला. "लई झ्याक झालंय ताई. सगळेच ब्लाउज तुमीच करा." तिने फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी हसली. मलाही हायसं वाटलं. म्हणून मी शांतपणे एवढंच म्हणालो, की प्लसला रॅमच्या खाचा दोनच आहेत, हे मात्र विसरू नये.

महादेवीने पुढचं डिझाईन उघडलं. आव्वा विभूती घेऊन आली, डब्याला बाहेरून लावली, आणि बोटांना उरलेली घेऊन माझ्याकडे वळली. मी डोकं पुढे केलं. पण मागचा अनुभव आठवला आणि तोंडातून निघून गेलं, "आव्वा, जरा हळू."

"भिऊ नको," कपाळावर बोटं दाबत आव्वा म्हणाली. "हितं आत वाकायला काय बी न्हाई."