ठवकरांच्या व्याख्या

ठवकर कोणाच्याही घरी गेले की आधी दारात थांबायचे आणि आपण नेमके कशात शिरतो आहोत, याची चौकशी करायचे. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला आले तेव्हा वडील म्हणाले, या, ओसरीवर बसा. हे उभेच. "चारही बाजूंनी भिंत आहे, काकाजी. हिले ओसरी म्हणता येत नाही. खोली म्हणा, मंग बसतो." वडिलांनी निमूट खोली म्हटलं. तोवर मुलाकडच्यांचा समज झाला होता, की हे मुलीचे मामा आहेत आणि रुसलेत.

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका कचेरीत मी आरेखक होतो आणि ठवकर बांधकामाचे इन्स्पेक्टर. इंग्रजी नियम मराठीत आणायचे ठरले, आणि सुरुवातीचं व्याख्यांचं प्रकरण त्यांच्या वाट्याला आलं. दोन महिन्यांचं काम त्यांनी दोन वर्षं पुरवलं. माळा कुठे संपतो आणि मजला कुठे सुरू होतो? गच्चीवर पत्रा टाकला तर ती गच्ची राहते का? जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण निघायच्या आत प्रश्न यायचा, "तू मले सांग गा, खिडकी म्हणजे काय?" भिंतीतलं भोक म्हणावं, तर उंदराचं बीळही त्यात बसायचं. पुढे पुढे ते दिसले की आम्ही कपाटामागे सरकायचो. ते तिथेही यायचे.

"काहून पळून राहिले? इथं शब्द ढिला राहिला तं कोणाचं तरी छप्पर जाईन," म्हणायचे. आम्ही हसायचो.

मग एका उन्हाळ्यात उमरेड रोडवरची तक्रार आली. सर्जाबाई नावाची एक विणकर विधवा तिथे पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. आत नवऱ्याचा हातमाग, सुताची पोती आणि उरलेल्या जागेत तिचं अंथरूण. वस्तीत हे गोदाम आहे, पाडून टाका, असं शेजाऱ्याने लिहिलं होतं. गोदाम असेल तर नियमाने ते पाडावंच लागणार होतं. राहतं घर असेल तर वाचणार होतं. पण राहत्या घरात छपराखाली स्वयंपाकाची सोय पाहिजे, अशी व्याख्या होती. ती ठवकरांनीच लिहिली होती.

आम्ही दोघं पाहणीला गेलो. चूल बाहेर, कडुनिंबाखाली. आत काहून नाही, असं ठवकरांनी विचारलं, तर सुतावर ठिणगी पडायची भीती वाटते, म्हणाली. ठवकरांनी फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मी मनात म्हटलं, संपलं.

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मला सगळी पोती पार पलीकडच्या भिंतीला लावायला सांगितली. स्वतः गुडघ्यांवर बसून चुलीच्या विटा एकेक उचलल्या, आत नेल्या, दाराजवळ मांडल्या आणि भेगांना ओली माती लिंपली.

"पेटवा, बाई. चहा ठेवा."

धुराने तिघांच्याही डोळ्यांना पाणी आलं. त्या धुरातच ठवकरांनी पेन काढून लिहिलं : छपराखाली पेटती चूल आढळली. कधीपासून, ते रकान्यात विचारलेलं नव्हतं. त्या एका ओळीवर पुढे शेड वाचली.

चहा देताना सर्जाबाईने सहज विचारलं, "घरी बाई वाट पाहत असन न जी?"

"नाही. बारा वर्षं झाली तिले जाऊन," ठवकर म्हणाले. "धरमपेठेत एक खोली आहे. जेवतो खानावळीत."

सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. मला हे माहीत नव्हतं. आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

सर्जाबाईने डब्यातून ज्वारीचं पीठ काढलं, परातीत घेतलं आणि चुलीवर तवा ठेवला. ठवकरांनी घड्याळ पाहिलं. मग बूट काढून बाजूला ठेवले आणि मागाच्या खांबाला पाठ टेकून मांडी घातली.

"तू फाईल घेऊन हो गा पुढं," मला म्हणाले. "मी जेवून येतो."